कुलपातला आवाज

किल्लीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण रुग्णालयाच्या भांडारात त्यांनी उभी हयात काढली आणि त्यात खरं नाव कधी मागे पडलं ते त्यांनाही कळलं नाही. कापूस, पट्ट्या, हातमोजे, सुया, सलाइनच्या बाटल्या, चादरी, सगळ्याचा ताबा त्यांच्याकडे. डॉक्टर असो की सफाईवाला, काय हवं, किती हवं, कशाला हवं हे नीट सांगून सही केल्याशिवाय त्याच्या हाती कापसाचा साधा बोळाही पडत नसे. एकदा खुद्द मोठे डॉक्टर घाईघाईत आले आणि मीच घेतो म्हणून आत पाऊल टाकू लागले, तर बाईंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं आणि हवं ते आतून आणून हातात ठेवलं. डॉक्टर धुसफुसत गेले खरे, पण पुढच्या वेळेपासून निमूट दारात उभे राहायला लागले. बाईंच्या अमदानीत भांडारातली टाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, सवय काही सुटेना. घरात कपाटाला कुलूप, कपाटातल्या खणाला कुलूप, खणातल्या पेटीला कुलूप, आणि त्या सगळ्याच्या किल्ल्या कुठे, ते फक्त बाईंना ठाऊक. साखरेचा डबा तेवढा मोकळा राहिला होता, तोही नवऱ्याने हात जोडले म्हणून. सून नवी नवी घरात आली तेव्हा तिला जास्तीची चादर हवी झाली, तरी सासूबाईंना शोधत फिरावं लागे. दुसरी एखादी रुसून बसली असती. या सुनेने ते हसण्यावारी नेलं, आणि आईंकडे चादर मागायला अर्ज कुठल्या रंगाच्या कागदावर करायचा असतो, असं नवऱ्यालाच विचारलं. ते बाईंच्या कानावर आलं. त्या वरवर रागावल्या आणि मनातून खूश झाल्या. किल्ली मात्र दिली नाही ती नाहीच.

यजमानांचं सगळंच उलटं. ते मोठ्या बसस्थानकावर निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चुकून चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. आवाज असा भरदार आणि शांत, की गाडी चुकलेला माणूससुद्धा भांडायला न जाता मुकाट बाकावर टेकायचा. घरीही तेच. आंघोळीचं पाणी तापलं की त्याचीही घोषणा व्हायची, आणि प्रवाशांनी आपापले टॉवेल सांभाळावेत अशी सूचना पाठोपाठ यायची. बाई त्यांना गप्प बसा म्हणून म्हणून दमल्या होत्या.

मग घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, त्याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. यजमानांनी मात्र मान डोलावली आणि गाडी कितीला लागणार एवढंच विचारलं. तोवर मुलाच्या बदलीमुळे मुलगा आणि सून दुसऱ्या गावी राहायला गेले होते. सुनेने फोनवर आग्रह धरला, की बाबांचा आवाज आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्याप्रमाणे यजमान रोज दुपारी मागच्या खोलीत संगणकासमोर माइक घेऊन बसायचे, दार लावून. आत काय बोलत होते कुणास ठाऊक. शस्त्रक्रियेला जायच्या आदल्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, झालं, आता तुझ्या ताब्यात.

ताबा म्हटल्यावर बाई जाग्या झाल्या. संगणकाशी त्यांचं चांगलं जमलं होतं. तू कोण, हे विचारल्याशिवाय तो कुणाला आत घेत नाही, ही त्याची रीत त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत होती. कुठल्या फोल्डरला कुणी हात लावायचा याची यादी प्रत्येक फोल्डरला असते, हे तर त्या हौसेने शिकल्या होत्या. त्यांनी यजमानांच्या आवाजाचा फोल्डर घेतला आणि त्या यादीतून एकेक नाव काढलं. मुलाचं काढलं, सुनेचं काढलं, आणि चुकून हात लागून पुसलं गेलं तर काय घ्या, म्हणून खुद्द यजमानांचंही काढलं. आतले छोटे फोल्डरही तसेच एकेक करून बंद केले. राहिलं एकटं त्यांचं नाव. मग त्या रुग्णालयात गेल्या, आणि पुढचे महिने कसे गेले ते त्यांचं त्यांनाच माहीत.

त्यानंतर केव्हातरी संगणक बिघडला. दुरुस्तीवाल्याने त्यात सगळी यंत्रणा नव्याने घालून दिली. फोटो, कागदपत्रं, आवाजाचा फोल्डर हे सगळं दुसऱ्या डिस्कवर होतं, ते जसंच्या तसं राहिलं. बाईंनी स्वतःचं खातं पुन्हा उघडलं, तेच नाव, तोच पासवर्ड, आणि कामाला लागल्या. आवाजाचा फोल्डर त्यांनी कधी उघडला नाही. ऐकलं असतं तर रडू आलं असतं, आणि यजमानांसमोर रडायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या बिघाडाचा धसका घेऊन राखीव प्रत मात्र त्या आता दर महिन्याला न चुकता घ्यायला लागल्या. बाहेरची छोटी डिस्क जोडायची आणि सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं. दर वेळी त्या एका फोल्डरपाशी यंत्र थबकायचं आणि सांगायचं, की इथे जायची परवानगी नाही, वगळू का? बाई ‘वगळा’ दाबायच्या. नुसत्या दाबायच्या नाहीत, समाधानाने दाबायच्या. कुलूप शाबूत आहे, यंत्र खुद्द मालकिणीलाही सहजासहजी आत सोडत नाही, म्हणजे चोख काम आहे, असं त्यांना वाटायचं. भांडाराच्या दारात आपण डॉक्टरांना अडवलं होतं ते त्यांना आठवायचं. शेवटी ‘काम पूर्ण’ अशी पाटी यायची, आणि बाई छोटी डिस्क कपाटातल्या खणातल्या पेटीत ठेवून किल्ली फिरवायच्या.

इकडे यजमानांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. म्हणजे सोय होती. फोनवर टाइप केलं की फोन ते वाचून दाखवायचा. पण त्यातला आवाज कुणा तरुण बातमीदाराचा, आणि तोही असा, की भाजीचा भाव विचारला तरी कुठेतरी पूर आल्यासारखं वाटावं. एकदा बाजारात भाजीवाली, कोण बोललं म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. यजमानांनी फोन खिशात टाकला तो टाकलाच. संध्याकाळी बागेत जुन्या चालक-वाहकांचा कट्टा भरायचा, तिथेही जाईनासे झाले. ज्या घरात आंघोळीच्या पाण्याचीही घोषणा व्हायची तिथे आता भांडं पडलं तरी मोठा आवाज झाल्यासारखं वाटे. बाईंचा जीव त्या शांततेत तीळ तीळ तुटायचा.

म्हणूनच तपासणीच्या वेळी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी जेव्हा सांगितलं, की माणसाचं जुनं, स्वच्छ बोलणं मुद्रित करून ठेवलेलं असेल तर फोनला त्याच्याच आवाजात बोलायला शिकवता येतं, तेव्हा किल्लीबाई खुर्चीत ताठ बसल्या. भरपूर आहे, म्हणाल्या, आणि अगदी कडेकोट आहे. यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यजमान फेरी मारायला बाहेर पडताच बाईंनी मागच्या खोलीतला संगणक सुरू केला आणि फोल्डरवर टिचकी मारली. परवानगी नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच. पासवर्ड विचारील म्हणून वाट पाहिली, तर यंत्र विचारायलाच तयार नाही. मग त्यांनी पेटीतली छोटी डिस्क आणून जोडली. फोटो होते, बिलं होती, सुनेच्या बाळाचे पाळण्यातले व्हिडिओ होते. आवाजाचा फोल्डर कुठल्याच महिन्याच्या प्रतीत नव्हता. बाईंनी सगळ्या प्रती पुन्हा चाळल्या. त्यात संगणकाच्या पोटातून खट्, खट् असा आवाज येऊ लागला. तो पूर्वीही यायचा, पण इतका स्पष्ट नव्हे.

त्यांनी सुनेला फोन लावला. सून एका कॉलेजच्या कचेरीतले सगळे संगणक सांभाळायची. दुपारची वेळ, तिच्यापुढेही कामाचा ढीग होता. पण सासूबाईंचा आवाज ऐकून तिने दार लावून घेतलं. बाईंनी सगळं सांगितलं, अगदी दर महिन्याच्या त्या ‘वगळा’सकट. तो भाग सांगताना त्यांची जीभ अडखळली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दारात पकडणाऱ्या बाईला आपली चूक सांगणं किती जड जातं, ते त्या दिवशी कळलं त्यांना. सून हसली नाही.

“आई, तुम्ही नाव तेच ठेवलंत, पण यंत्र नावाने ओळखत नाही,” ती म्हणाली. “प्रत्येक खात्याला ते आतून एक क्रमांक देतं. जुना क्रमांक जुन्या यंत्रणेबरोबर गेला. आता त्याच्या लेखी तुम्ही परक्या. त्या फोल्डरचा मालक आता या जगात नाही असं समजा.”

“मी जिवंत बसलेय इथे.”

“तेच त्याला पटवायचंय.”

मालकी बदलता येते, असं तिने सांगितलं. संगणकाचं मुख्य खातं बाईंचंच होतं, त्यामुळे तेवढा अधिकार त्यांना होता. भीती दोन गोष्टींची होती. एक म्हणजे ती खट्खट्, डिस्क अखेरच्या घटका मोजतेय त्याचं लक्षण. आणि दुसरी भीती सांगण्याआधी सुनेला एक प्रश्न विचारायचा होता. फोल्डर बंद करताना बाईंनी नुसती नावंच काढली होती, की आतला मजकूर सांकेतिक, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारा, करून ठेवायची खूणही केली होती? नुसती नावं काढली असतील तर दार उघडेल. सांकेतिक केलं असेल तर त्याची किल्ली जुन्या यंत्रणेबरोबर कायमची गेली, मग देवाच्या हातीही काही नाही.

बाईंना आठवेना. त्यांनी डोळे मिटून ती दुपार आठवून पाहिली, पण डोळ्यांसमोर नुसती रुग्णालयाची पिशवी भरणं येत होतं. आणि आपला स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. कुलूप दिसलं आणि आपण लावलं नाही, असं कधी झालंय? 

तेवढ्यात यजमान परत आले. पाऊल वाजलं नाही, कारण चपला दारात काढून ते सरळ मागे आले होते. बाईंनी पडदा बंद करायला हात उचलला, पण उशीर झाला होता. परवानगी नाही, अशी पाटी समोर ढळढळीत होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सांगून टाकलं. तुमचं नावही मीच काढलं होतं, प्रत कधी झालीच नाही, चुकलं माझं, असं त्या म्हणाल्या आणि इतके महिने अडवलेलं रडू त्यांना आवरलं नाही. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कळफलक पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं, “माझ्याच आवाजाला मलाच बंदी. आमच्या स्थानकावरही एवढा कडक बंदोबस्त नव्हता.”

आणि खाली: “रड नंतर. आधी उघड.”

बाईंनी डोळे पुसले. यजमान शेजारी खुर्ची घेऊन बसले, फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला, आणि सून सांगेल तसं काम सुरू झालं. फोल्डरचे गुणधर्म उघडायचे, तिथून सुरक्षेच्या पानावर जायचं, मालक कोण ते पाहायचं. मालकाच्या जागी नाव नव्हतं, नुसती आकड्यांची लांबलचक रांग होती. ती बघून बाईंना कसंतरीच झालं. ती रांग म्हणजे कधीकाळच्या त्याच होत्या. त्यांनी तिथे आपलं आताचं नाव घातलं आणि ठीक आहे म्हटलं. डिस्क खटखटली. पाटी निघून गेली आणि फोल्डर उघडला.

बाईंचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच त्यांनी आतल्या छोट्या फोल्डरवर टिचकी मारली आणि पुन्हा तीच पाटी. बाहेरचं दार उघडलं होतं, आतल्या खोल्या बंदच होत्या. बाईंनी ते सुनेला सांगितलं. सुनेने विचारलं, की खालच्या सगळ्यांना लागू करा अशी एक चौकट होती, तिच्यावर खूण केली का? केली नव्हती. बाई स्वतःशीच पुटपुटल्या, की मी भांडारात अशी चूक केली असती तर मला घरीच पाठवलं असतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी चौकटीवर खूण झाली. पडद्यावर एकामागून एक फाइलींची नावं सरकायला लागली.

“आता मालक झालात,” सून म्हणाली, “पण आतल्या फाइलींची परवानगी मालकालाही वेगळी द्यावी लागते. यादीत कुणाला घालायचं ते निवडा.”

बाईंनी आपलं नाव घातलं. मग यजमानांचं घातलं. यजमानांनी खुर्चीतूनच वाकून मुजरा केला. मग बाईंचा हात थांबला, कारण यादीत ‘सर्वजण’ असंही एक नाव होतं. त्यांनी ते एकदा वाचलं, चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. सर्वजण म्हणजे नक्की कोण कोण, असं त्यांनी सुनेला विचारलं. त्या संगणकावर जो बसेल तो, असं तिने सांगितलं, आणि एवढ्याची गरज नाही असंही सांगितलं. बाईंनी ‘सर्वजण’वर खूण केली. मग फोनकडे वाकून म्हणाल्या, “आणि एक प्रत तुझ्याकडे पाठवते. तू सांभाळ.”

पलीकडून सून हो म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आता बाईंना ऐकायची घाई झाली होती. सांकेतिक केलेलं नाही, हेही त्यांना ऐकल्याशिवाय पटणार नव्हतं. पण सुनेने बजावलं, की डिस्कचा भरवसा नाही, आधी सगळं छोट्या डिस्कवर उतरवा, आणि ऐकायचं ते तिथून ऐका. त्यामुळे दोघं नुसती बसून राहिली. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. मध्येच खट् झालं आणि पट्टी थांबली. यजमानांनी बाईंचा हात धरला. पट्टी तशीच.  सून फोनवरून काय झालं विचारत होती. मग यंत्राने एक फाइल वाचता येत नाही, वगळू का, असं विचारलं. बाईंनी ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलं. पुन्हा खट्. पुन्हा दाबलं. शेवटी यजमानांनीच त्यांचा हात बाजूला सारून ‘वगळा’ दाबलं, आणि पट्टी चालू लागली. अशा आणखीही काही फाइली गेल्या. बाकीच्या उतरल्या. डिस्क त्यानंतर पुन्हा कधी सुरू झाली नाही, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

छोट्या डिस्कवरची पहिली फाइल बाईंनी निवडली. दोनदा भलतीकडेच टिचकी पडली. तिसऱ्यांदा नीट पडली. आधी नुसती खरखर आली. गेलं, बाई मनात म्हणाल्या, सांकेतिकच केलं होतं मी. त्यांना यजमानांकडे मान वळवायचाही धीर होईना.

मग कुणीतरी घसा खाकरला. खुर्ची करकरली. आणि तो भरदार, शांत आवाज खोलीभर पसरला.

“अगं, ऐकतेस का? जरा इकडे ये.”

“आले, आले,” किल्लीबाई म्हणाल्या, आणि उठून दारापर्यंत गेल्यासुद्धा.

दारात त्या थबकल्या. मागे वळून पाहिलं, तर यजमान खुर्चीतच होते. त्यांचे खांदे गदागदा हलत होते, तोंड उघडं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं, हसण्याचं की रडण्याचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फोनवरून सून विचारत होती, आई, कुठे निघालात?  यजमानांनी माउस ओढला, फाइल मागे नेली आणि पुन्हा लावली. खरखर आली, घसा खाकरला गेला, खुर्ची करकरली.

“अगं, ऐकतेस का? जरा इकडे ये.”

“आले,” बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.